पांढऱ्या पायाची

माझे पाय सावळे आहेत. टाचा रुंद, उजव्या अंगठ्याचं नख लहानपणी ठेच लागून गेलं ते पुन्हा वाकडंच उगवलं, आणि पंजा वडिलांसारखा पसरट, त्यामुळे दुकानातल्या बायकी चपला मला कधी धड बसत नाहीत. हे आधीच सांगून मोकळी होते. पुढे माझ्या पायांबद्दल लोक काय काय म्हणाले ते येणार आहे, आणि त्यातल्या कशाचाच माझ्या खऱ्या पायांशी संबंध नव्हता.

आमचं गाव सुप्याच्या रस्त्यापासून आत, बैलगाडीच्या वाटेनं. वर हलकी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. अशा गावात विहिरीला पाणी लागलं की ती बातमी पोर झाल्याच्या बातमीआधी पोचते. आमच्या घरात दोन्ही बातम्या एकाच दिवशी आल्या. मळ्यातली विहीर खणत होते, तिला दुपारी झरा फुटला, आणि मी जन्मले. थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, ओल्या धोतरानं धावत घरी आले आणि ओसरीवरूनच ओरडले, "पोरगी पायगुणाची हाय!" घराचा कारभार आबांच्या हातात होता. माझे वडील, म्हणजे दादा, थोरल्या भावापुढे मान वर करत नसत. त्यामुळे आबांच्या तोंडून निघालं ते माझ्या नावाच्या आधी मला चिकटलं. नाव इंदू बाराव्या दिवशी ठेवलं. पायगुण पहिल्याच दिवशी ठरला होता.

पायगुणाच्या मुलीला काम फार असतं. पेरणीला पाभर जुंपली की चाड्यात पहिली मूठ माझी. खळं सारवून वाळलं की त्यावर पहिलं पाऊल माझं, मग बैल. घोडेगावच्या बाजारातून म्हैस आणली की मी दारात उभी राहायची आणि म्हशीनं माझ्या पायांवरून ओतलेल्या पाण्यात खूर बुडवून आत यायचं. कुणाचं नवं छप्पर उभं राहिलं, कुंभारानं आवा पेटवला, की आमच्या दाराशी माणूस हजर. "इंदीला द्या जरा." उसनं जातं न्यावं तसं मला नेत. बदल्यात गूळ, खोबऱ्याचा तुकडा, कधी झंपराचा खण. गूळ मी वाटेतच संपवायची. चपला मात्र मला कधी मिळाल्या नाहीत. पावलाचा गुण चामड्यात उतरतो असं आबांचं ठाम मत होतं. चैत्र-वैशाखात माळावरून चालताना मी या झुडपाच्या सावलीतून त्या झुडपाच्या सावलीत उड्या मारत जायची. संध्याकाळी आई चुलीपुढे बसून माझ्या टाचांना एरंडेल चोळायची. तवा तापेपर्यंत एक पाय, भाकरी फुगेपर्यंत दुसरा.

मला आधी या सगळ्याची ऐट होती. मग त्यातली दोरी लक्षात येऊ लागली. आजोळी गेले की दोन दिवसांत आबा बैलगाडी घेऊन दारात. "इंदी न्हाई तर म्हशीनं धार आखडली बगा." जत्रेला मुली गेल्या, मी घरी. मला बाहेर पाठवणं म्हणजे पाण्याचा हंडा रस्त्यावर ठेवणं, असं सगळ्यांनी धरलेलं. माझं मन कशात ठरेना. दळताना अर्धा पसा राहिला की उठायची, पाणी भरताना घागर तिथेच सोडून बांधावर चढायची आणि सुप्याच्या रस्त्यावर मोटारीची धूळ दिसते का बघायची. आई हाक मारायची, "आगं, कुटं उधळलीस?" मला तरी कुठे माहीत होतं.

गावच्या शाळेत एक मास्तर होते आणि त्यांची बायको मार्थाबाई मुलींना शिकवत. ख्रिस्ती होते. बाई नगरच्या एका मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकलेल्या. नऊवारी पातळ, पायांत काळ्या चपला, आणि चालणं असं की कुठेतरी वेळेवर पोचायचंय. मी चौथी झाले तेव्हा त्या आमच्या घरी आल्या. आईनं गुळाचा चहा केला. मोठ्या आईनं, म्हणजे आबांच्या बायकोनं, बाईंचा कप नंतर राखेनं वेगळा घासला. बाईंनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. त्या आबांना म्हणाल्या, "मुलीचं डोकं चांगलं आहे. आमच्या बोर्डिंगात जागा आहे, फी माफ होईल. सातवी झाली की मास्तरीण होईल. मृग लागला की शाळा उघडते, त्याच्या आत पोचवा."

आबा हसले. वाईट माणूस नव्हता तो. "बाई, तुमी म्हन्ता ते खरं. पर आमी माळावर नवी हीर धरलीय. पानी हुडकनाऱ्या पानाड्यानं जागा दिलीया. पानी लागूस्तवर पोर कुटं हलायची न्हाई."

"आणि लागल्यावर?"

"लागल्यावर मंग कशाला हलवायची?" आबा म्हणाले. ओसरीवर सगळे हसले. आई चहाची भांडी उचलत होती. ती हसली नाही.

जर्मनशी लढाई चालू होती. रॉकेल कंट्रोलवर, कापड कंट्रोलवर, आणि सरकारला द्यायचं लेव्हीचं धान्य मोजायला माणूस यायचा. बागायत झाली तर घर तरेल, असं आबांनी मनात घेतलं होतं. विहीर खणायला वडारांची टोळी आली. पहिल्या दिवशी नारळ फोडला आणि खुणेवर मला उभं केलं. मग रोजचंच झालं. उजाडायच्या आत आबांचा आवाज, "इंदे, चल." मी डोळे चोळत माळावर. खड्डा जसा खोल गेला तशी मी शिडीनं खाली. तळाशी उजवं पाऊल टेकवायचं, वर बघायचं, आबांनी मान हलवली की बाजूला व्हायचं, मग पहिली पहार पडायची. वर आभाळाचा गोल तुकडा आणि त्याच्या काठावर आबांचं डोकं. वैशाख संपत आला. माती गेली, मुरूम गेला, काळा दगड लागला. दिवसभर पहारीचे घाव, दुपारी सुरुंग. सुरुंगाआधी टोळीचा नाईक हणमंता लांब हाळी द्यायचा, "होऽऽ, लपा होऽऽ," आणि सगळे बांधाआड. मला झोपेतही ती हाळी ऐकू यायची. मृग जवळ येत होता. मी सारखी आकाशाकडे बघायची. घरातल्या बाकीच्यांना वाटायचं, पोरीला पावसाची ओढ आहे.

मग पवळ्या गेला. आमच्या बैलजोडीतला तांबडा-पांढरा, माणसाळलेला. सुरुंगाच्या वेळी त्याला पुरेसा लांब नेला नव्हता. दगड उडाला तो त्याच्या पुढच्या पायावर. संध्याकाळपर्यंत तो लिंबाखाली पडून होता, मोठे मोठे श्वास घेत, आणि आबा त्याच्या मानेवर हात ठेवून. जीव गेल्यावर त्याला ओढून नेलं, मग आबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. चूल पेटली, पण ताटं वाढली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ओढ्यावर धुणं घेऊन गेले तेव्हा खडकापलीकडे पारूकाकू, आमची शेजारीण, कुणालातरी सांगत होती. "कसला पायगुन गं! पांढऱ्या पायाची निघाली ती."

हे विशेषण मी तेव्हा पहिल्यांदा माझ्याबद्दल ऐकलं. त्याआधी दुसऱ्यांबद्दल ऐकलं होतंच. गावात एक सून आली आणि महिन्यात सासरा गेला, ती पांढऱ्या पायाची. एक मुलगी पोटात असताना बाप देवीच्या साथीत गेला, ती पांढऱ्या पायाची. त्यांचे पाय आमच्यासारखेच मातीचे होते. हे घोड्यांवरून आलं असं एक म्हातारे म्हणायचे. पांढऱ्या पायाचा घोडा धन्याला बाधतो म्हणे. असेल. पण पुढे आयुष्यभर मी कान उघडे ठेवले आहेत, आणि या शब्दाचा वापर कसा होतो ते मला नीट ठाऊक आहे. तो पुरुषाला लागत नाही. पुरुष घरात आल्यावर घर बुडालं तर घराचं नशीब फिरलेलं असतं. तो बाईच्या तोंडावर म्हणत नाहीत, पाठीमागे म्हणतात. आणि एकदा लागला की काढायची रीत नाही. पायगुण जातो. पांढरेपण जात नाही. मी नोकरी करते त्या मुलींच्या हॉस्टेलच्या ऑफिसात परवा एका तरुण कारकुनानं आपल्या नव्या वहिनीबद्दल हसत हसत तो उच्चारला, चांगला पदवीधर मुलगा. मी त्याला चार फायली जादा दिल्या.

ओढ्यावरून मी ओलं धुणं तसंच पिळून घरी पळत आले. आई भाकऱ्या थापत होती.

"आई, मी पांढऱ्या पायाची हाय का?"

तिचा हात परातीत थांबला. "कोन म्हनलं?"

"पारूकाकू."

"मोठ्यानं का हळू?"

"हळू."

आईनं पीठ ओढलं आणि पुन्हा थापायला लागली. "मंग आबांच्या कानावर गेलं नसंल अजून," ती म्हणाली. एवढंच. मला वाटलं, तिला काळजी वाटतेय की आबांना कळेल.

त्या दिवशी माळावर भाकऱ्या न्यायची पाळी मोठ्या आईची होती. आईनं पाटी स्वतः डोक्यावर घेतली आणि मला तांब्या दिला. वाटेत ती इतकी झपझप चालत होती की तांब्यातलं पाणी माझ्या परकरावर सांडलं. लिंबाखाली आबा बसले होते, त्यांच्या शेजारी दादा, आणि जरा पलीकडे हणमंता आणि त्याची माणसं फडकी सोडत होती. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नसे. त्याच्यासमोर उभीही राहत नसे. माझ्या जन्मापासून तोवर आई आणि आबा एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. आईनं भाकऱ्या दादांपुढे ठेवल्या, पदर नाकापर्यंत ओढला, आबांकडे पाठ केली आणि लिंबाच्या खोडाकडे बघत म्हणाली,

"अहो, मोठ्या भावजींना सांगा. उद्यापास्नं पोरीला हिरीत उतरवू नका म्हनावं."

दादांनी घास हातात तसाच धरला. आबा त्यांच्याजवळ खेटून बसलेले. तरी आबा दादांकडेच बघत म्हणाले, "का म्हनून? इचार तिला."

"पोर पायगुनाची न्हाई. पांढऱ्या पायाची हाय."

वडारांच्या माना इकडे वळल्या. दादा पुटपुटले, "आगं, काय बोलतीस..."

"तिला म्हनावं," आबांचा आवाज चढला, "ही जलमली त्या दिशी पानी लागलं. साऱ्या गावाला ठावं हाय."

"लागलं. अन् त्याच दिशी सांजच्याला सासूबाई गेल्या. भावजींनी हिरीचं पानी बगितलं. मी बाजंवर पडून रडनं ऐकलं." आई खोडाशी बोलत होती, पण शब्द एकेक करून, निवडून ठेवल्यासारखे. "म्हस आनली तवा दारात हीच हुती. म्हस दोनदा गाभडली. नव्या खळ्यावर हिचं पाऊल पडलं, अन् रास व्हायच्या आत अवकाळी आली. कनसं काळी झाली का न्हाई, इचारा त्येंना. अन् आता पवळ्या."

मी तांब्या धरून उभी होते. यातलं प्रत्येक खरं होतं. मला म्हैस आठवत होती, काळी कणसं आठवत होती. ती फक्त कुणी एका दोरीत ओवली नव्हती. माझी याद्या करायची सवय हॉस्टेलच्या नोकरीतली आहे असं लोक समजतात. मी त्या दुपारी लिंबाखाली पहिली यादी ऐकली.

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग पहिल्यांदा, दादांकडे न बघता, सरळ तिच्या पाठीला म्हणाले, "पोटच्या पोरीला असं म्हन्तीस? उद्या हिला कोन पत्करंल?"

आईची पाठ जराशी हलली. त्यांना सरळ उत्तर देणं रीतीत बसत नव्हतं. दादांना म्हणाली, "ते माझ्याकडं लागलं म्हनावं. त्या शाळंच्या बाई नेत्यात तर जाऊ द्या पोरीला, लांब. हिरीचं हिरीला लागू द्या."

हणमंतानं खाकरून घेतलं. "मालक, माजी मानसं बी कालपास्नं कुरकूर करत्यात. अन् आयच म्हन्तीय म्हंजी..."

आबांनी भाकरीवर फडकं पुन्हा ओढलं. "न्या," ते म्हणाले, आणि उठून विहिरीच्या काठावर गेले.

परत येताना आई पुढे, मी मागे पळत. मी विचारलं, "आई, खरंच?" ती म्हणाली, "बिगी चल. सामान करायचंय." बस. घरी आल्यावर तिनं ट्रंक काढली. दोन परकर-पोलकी, सतरंजी, पितळेचा तांब्या, फणी, शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी. आणि चपला. गावच्या चांभाराला तिनं स्वतः जाऊन सांगितलं. त्या कोऱ्या चामड्यानं माझ्या दोन्ही टाचा सोलल्या, तरी मी त्या घरातसुद्धा काढेना.

निघाले त्या दिवशी आबा गोठ्यात होते, बाहेर आले नाहीत. मोठ्या आईनं माझ्यामागे पाणी ओतलं, पीडा गेली की ओततात तसं. आई ओढ्यापर्यंत आली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला नाही, कानशिलावर बोटं मोडली नाहीत. "मागं बगू नगंस," म्हणाली. मी बघितलं नाही. सुप्याला मोटारीत बसले तेव्हा मार्थाबाई शेजारी होत्या, रस्त्यावर धूळ होती, मला जायचं होतं तिकडेच मी चालले होते, आणि मी पायांवर परकर ओढून बसले, कुणाला दिसू नयेत म्हणून.

बोर्डिंगात मी कुठल्याच खोलीत पहिली शिरत नसे. दाराशी रेंगाळायची, कुणी मुलगी पुढे गेली की तिच्या मागून. तिथल्या बाईंना वाटे, खेड्यातली आहे, लाजते. दिवाळीच्या आधी मार्थाबाई गावाहून आल्या आणि आनंदानं म्हणाल्या, "इंदू, तुमच्या विहिरीला पाणी लागलं बरं का! तू आलीस आणि थोड्याच दिवसांत लागलं." त्यांना वाटलं, मी खूष होईन. मी न्हाणीघरात गेले आणि वजरीनं पाय घासत बसले, चामडी निघेपर्यंत. आज माझ्या हॉस्टेलात कुणी मुलगी दाराशी रेंगाळली की मी तिला रागावत नाही. तिच्या हातात काहीतरी देते, "हे आत नेऊन ठेव बरं," म्हणते, आणि तिला पुढे घालते.

विहिरीचं पाणी गोड निघालं. आबांनी माळावर ऊस केला. माझं मात्र ठरून गेलं. सुट्टीत घरी गेले की परसदारानं आत. पेरणीला मला कुणी बोलावलं नाही. भावाच्या लग्नाला मी "रजा नाही" असं कळवलं आणि घरून उत्तर आलं की बरं. आईनं शब्द मागे घेतला नाही. कसा घेणार? घेतला असता तर आबांना कळलं असतं की लिंबाखाली काय झालं. आणि मीही विचारलं नाही. मी मास्तरीण झाले, पुढे हॉस्टेलची अधीक्षक. लग्न उशिरा, माझं मी ठरवून केलं. एवढं सगळं करणारी बाई आईला एक प्रश्न विचारू शकली नाही, कारण उत्तर "व्हय" आलं तर काय, ही भीती अकरा वर्षांच्या मुलीची होती आणि ती माझ्याबरोबर वाढलीच नाही.

नगरला सावेडीच्या बाजूला आम्ही दोन खोल्या बांधल्या तेव्हा आबा आणि दादा दोघेही वारले होते. आईला मी आणायला गेले. आत जायच्या दिवशी सगळं मी नेहमीप्रमाणे लिहून काढून केलं होतं: दूध, नारळ, झाडू, मीठ, आणि शेजारची नवी सून. पहिलं पाऊल टाकायला मी तिला सांगून ठेवलं होतं. ती नटून दारात उभी राहिली. आमच्याबरोबर टांग्यातून आई उतरली, पाठीत वाकलेली, हातात पिशवी.

"ही कोन?"

"शेजारची. हिला आधी आत जायला बोलावलंय."

आईनं माझ्याकडे बघितलं. मग ती पायरीवर बसली, दारात, कुणालाच जाता येणार नाही अशी. "पोरी, तू मागनं च्याला ये हां," तिनं सुनेला सांगितलं. ती बिचारी गोंधळून निघून गेली.

"इंदे, चपला काड."

"आई, अगं, माझे पाय..."

"काय झालंय तुज्या पायांना? मीच चोळून मोटे केलेत." ती पिशवी चाचपत राहिली. "ते मी आबांना ऐकवलं हुतं. तू कशाला ऐकत बसलीस?"

रस्त्यावर टांगेवाला ट्रंक उतरवत होता. आमचे हे त्याच्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होते. आई पायरीवर जरा सरकली, एक माणूस जाईल एवढी वाट करून.

मी चपला काढल्या. फरशी अजून दमट होती, गार. सवयीनं उजवा पाय पुढे आला आणि उंबऱ्यावर अडला.

"कंचा बी टाक," आई मागून म्हणाली.